शेवटचा केस

मिनिएचर हा शब्द आमच्या कॅन्ससमध्ये कोणीही कशालाही चिकटवतं. गुलाबाला, कुत्र्याला, अगदी केकलासुद्धा. घोड्याच्या बाबतीत मात्र आमच्या क्लबात त्याचा अर्थ एकच: चौतीस इंच. त्याच्यावर पाव इंच गेलं की ते नुसतं छोटं घोडं, आणि नुसत्या छोट्या घोड्याला कुत्रं विचारत नाही. अठरा वर्षं मापाची काठी माझ्या हातात आहे आणि मी कोणावरही विश्वास ठेवत नाही. का ठेवू? आयाळीचा शेवटचा केस जिथे उगवतो तिथे माप घेतात. म्हणून काही शहाणे मालक गोंदाने दोन-चार केस आणखी मागे चिकटवतात. मागे पाठ उतरती, म्हणजे घोडं आपोआप बुटकं. असले डझनभर तरी मी पकडलेत.

त्या शनिवारी माझी धाकटी बहीण रोवेना तिच्या थिंबलला घेऊन रांगेत उभी होती. थिंबलला पाच वर्षं पुरी झाली होती, आणि पाचव्या वर्षीचं माप कायमचं. मापात बसली तर तिचं आणि तिच्या पिल्लांचं नाव क्लबाच्या नोंदीत, नाही तर बाद. बाबांच्या घोड्यांच्या वंशातली ही शेवटची घोडी. जन्मताच तिची आई दगावल्यावर रोवेनाने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. गेल्या वर्षीच ही काठोकाठ चौतीस भरली होती, मग वर्षभरात जराही वाढली नसेल? शिवाय काही लपवायचं असलं की ही बया लहानपणापासून नखं खाते. आत्ताही खात होती, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती.

मी काठी टेकवली, आडवी दांडी खाली आणली. बरोब्बर चौतीस. पण तो शेवटचा केस एकटाच होता, बाकीच्यांपासून चांगला बोटभर मागे.

"हा खरा आहे?" मी विचारलं.

"खराच आहे. हात लावू नकोस."

हात लावू नकोस म्हटल्यावर तर माझी खात्रीच पटली. रांगेतले सगळे बघत होते, आणि बहिणीला सवलत दिली असं मला कोणाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं. मी केस चिमटीत धरला आणि खसकन ओढला.

थिंबल दचकून मागे सरली. केसाच्या टोकाला पांढरं मूळ होतं. गोंदाचा मागमूस नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नोंद राहिली होती, आणि नियम सांगतो की आत्ता जो शेवटचा केस आहे तिथे काठी. मी ती बोटभर पुढे सरकवली. चौतीस आणि पाव.

"मला भीती तुझ्या बोटांचीच होती, व्हेल्डा," रोवेना म्हणाली. "लिही आता. तू काही खोटं लिहायची नाहीस."

चौतीस लिहावं असं फार वाटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच वाटलं. मी चौतीस आणि पाव लिहिलं. रोवेनाने घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि मागे वळून न बघता तिला गाडीकडे घेऊन गेली.

पुढचा नंबर म्हाताऱ्या ऑर्विलचा होता. त्याने आपल्या घोड्याच्या आयाळीवर तळहात झाकून धरला होता.

"काठी माझ्याकडे द्या, बाई," तो म्हणाला. "मी लावतो. तुम्ही लांबून आकडा वाचा."

रांगेत कोणी हसलं नाही. मी काठी दिली.