दोन टोकांचा क्रमांक

शनिवारी सकाळी यदुनाथ खैरनारच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, दर तीन इंचांवर एकच क्रमांक उमटला. अक्षरे करडी, बारीक आणि सुबक होती. हात दुखत नव्हता. विमानाच्या पांढऱ्या तारांवर क्रमांक उमटवणारे लेझर यंत्र तो नऊ वर्षे चालवत होता. त्या प्रकाशाने वेष्टनावर ओरखडाही उठत नाही, फक्त रंग बदलतो आणि तो कधीच पुसला जात नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होते.

यंत्र ज्या दालनात होते, तिथली एक रीत होती. यंत्रातून निघालेल्या तारेचा क्रमांक चालवणाऱ्याने मोठ्याने वाचायचा आणि तपासनीस पिंगळेबाईंनी यादीवर बोट ठेवून ‘बरोबर’ म्हणायचे. यदुनाथ मुळात अबोल. क्रमांक वाचताना मात्र त्याचा आवाज स्वच्छ लागे. त्या सकाळी हातावर नजर पडताच जिभेने सवयीने आपले काम केले.

“डब्ल्यू दोनशे सात, बावीस.”

“बरोबर,” पिंगळेबाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

मग दोघांनी खाली पाहिले.

“बाई, हा माझा हात आहे.”

“हे आधी सांगायचं नाही का, खैरनार? आता शिक्का पडला.”

यदुनाथला पाचच्या आत सिन्नर गाठायचे होते. त्याची बायको रेवती दोन महिने माहेरी होती. “चार वर्षांत माझ्याशी एक अख्खं वाक्य बोलला नाहीत तुम्ही,” असे म्हणून ती गेली होती. या आठवड्यात तिचा निरोप आला होता: “शनिवारी पाचपर्यंत या. नाही आलात तर मी काय ते समजेन.” पण क्रमांक पडलेली वस्तू, तिचे दुसरे टोक कुठे जोडायचे ते ठरल्याशिवाय, दालनाबाहेर जात नसे.

“एक टोक इथं, यंत्रापाशी,” यदुनाथ म्हणाला. “दुसरं सिन्नरला असेल.”

“असेलही. आराखडे बघावे लागतील. अकराशे पानं आहेत.”

शेजारच्या टेबलावर मेणाच्या दोऱ्याने तारांची जुडगी बांधणाऱ्या जगतापने मान वर केली. “काय जावईबापू, सासुरवाडीचा पत्ता गोंदवून घेतलात?”

कुणी हसले नाही. जगतापही नाही.

दुपारपर्यंत क्रमांक खांद्यावर पोचले आणि दालन अरुंद झाले. टेबले एकमेकांना टेकली. भिंतींचे कोपरे गोल होत गेले आणि छत इतके खाली आले की पिंगळेबाई वाकून पाने उलटू लागल्या. त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. तीन वाजता पहिला क्रमांक यदुनाथच्या गळ्यावर उमटला. त्याने घाईने रेवतीला फोन लावला. उशीर होईल, पण मी येतोय, तू थांब: एवढे अख्खे वाक्य त्याने मनात जुळवून ठेवले होते.

“डब्ल्यू दोनशे सात, बावीस,” तो म्हणाला.



“एवढंच बोलायचं होतं?” रेवती म्हणाली. “बॅग भरून ओट्यावर उभी आहे मी. पाचपर्यंत.”

सव्वाचारला पिंगळेबाईंना पान सापडले. तेव्हा निघाला असता तरी तो पोचला असता.

“दुसरं टोक राखीव,” त्यांनी वाचले. “कुठंच जोडायचं नाही. प्रत्येक विमानात अशा दोन-चार तारा ठेवतातच, पुढेमागे लागल्या तर. टोकाला टोपी घालायची आणि जुडग्यात बांधून टाकायची.”

यदुनाथने त्यांच्याकडे पाहिले.

“किती वर्षं, ते लिहिलेलं नसतं,” त्या म्हणाल्या. मग आवाज जरा मऊ करून पुढे म्हणाल्या, “चुकीचे असता तर कापून भंगाराच्या लाल डब्यात टाकता आलं असतं, खैरनार. पण तुम्ही बरोबर आहात.”

जगताप दोरा घेऊन आला. “हात अंगालगत घ्या,” तो अदबीने म्हणाला. त्याने पहिली गाठ घोट्यापाशी मारली, दुसरी गुडघ्यापाशी, तिसरी छातीवर. गाठी सारख्या अंतरावर होत्या. दोन्ही बाजूंनी इतर तारा यदुनाथच्या खांद्यांना येऊन भिडल्या, पांढऱ्या, त्याच्याच उंचीच्या. मग डोक्यावरून टोपी खाली आली.

उजवीकडची तार कोमट होती. तिच्यातून काहीतरी कुठेतरी जात होते.