मायना नसलेलं पत्र

"परत वाच," अनारकुल एजे म्हणाल्या.

मिरगुलने संगणकाच्या पडद्याकडे बघून पुन्हा वाचलं. "नमस्कार. आमच्या इस्पितळात एक तरुण माणूस आहे. बांधकामावरून पडलाय. कागदपत्रं नाहीत, फोन फुटलाय. खिशातल्या चिठ्ठीवर हा ईमेल पत्ता होता. ओळखत असाल तर लिहा. लेना."

"बस? आडनाव नाही? हुद्दा? बापाचं नाव?"

"नुसतंच लेना, एजे."

"पत्र कुणाला आहे तेही नाही. हे पत्र नव्हे, जाळं आहे. गेल्या वसंतात त्या मास्तरांना असंच फसवलं. 'तुमचा मुलगा अपघातात सापडलाय' म्हणून."

किर्गीझ डोंगरांतल्या नारीन गावी, जिल्हा कचेरीसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. मालकीण मिरगुल, वय सव्वीस. खिडकीपाशी एक टेबल तिने अनारकुल एजेंना दिलं होतं; एजे म्हणजे ताई, सगळेच त्यांना तसं म्हणत. कचेरीच्या पत्रव्यवहार विभागात एकतीस वर्षं काढून एजे निवृत्त झाल्या होत्या. लोक कचेरीत जाण्याआधी अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे येत, कारण एजेंनी लिहिलेला अर्ज मायन्यात चूक म्हणून कधी परत आला नव्हता. कुणाला 'आदरणीय' लिहायचं आणि कुणाला 'परम आदरणीय', निवृत्त न्यायाधीशाला काय, विधवेला काय, सगळं त्यांना पाठ होतं. रशियनमध्ये तर त्यांचा कटाक्ष आणखी कडक. परक्या माणसाला बापाचं नाव न जोडता हाक मारणं म्हणजे बूट न काढता त्याच्या घरात शिरणं, असं त्या म्हणायच्या.

मिरगुल म्हणाली, "एजे, ती बाई आठवतेय? रिस्कुल. पोराचा फोन लागत नाही म्हणून परवा आली होती. तो रशियात कामाला गेला तेव्हा त्याचे कागद आपणच पाठवले होते ना तिकडे?"

"आपला पत्ता अर्ध्या जिल्ह्याच्या खिशात आहे, पोरी."

तरी बोलावणं धाडलं. दुपारी रिस्कुल आली. पन्नाशीची बाई, डोक्याला जाड लोकरी रुमाल, गालांवर थंडीचे लाल चट्टे. गावाहून टपावर सामान लादलेल्या गाडीतून दीड तास बसून आली होती. एजेंनी तिला पत्र किर्गीझमध्ये सांगितलं. ती उभीच राहिली.

"एर्मेकच असेल," ती म्हणाली. "नऊ दिवस झाले, एजे. तो एक दिवस फोन चुकवत नाही."

"आधी विचारून बघू."

एजेंनी इस्पितळाचा फोन शोधून लावला. नोंदणी खिडकीवरच्या बाईने नाव विचारलं, शोधलं आणि या नावाचा कुणी रुग्ण नाही असं सांगून फोन ठेवला.

"बघितलंत?" एजे म्हणाल्या.

"पण त्या लेनाला दोन ओळी लिहून तर बघा. मी आहे, मी आई आहे, एवढंच."

"रिस्कुल, अनोळखी माणसाला असं उत्तर दिलं की तो तुम्हाला धरतो. तुमचं नाव, गाव, सगळं काढून घेतो. आपण रीतसर लिहू. थेट मुख्य डॉक्टरला. रीतसर पत्राला त्यांना उत्तर द्यावंच लागतं, कायदाच आहे."

रिस्कुलने पुन्हा म्हटलं, "लिहा ना तिला." पण आवाज खाली गेला होता. एजे इतकी वर्षं कचेरीत बसलेल्या, आणि तिला रशियनमध्ये भाजी विकत घेण्यापुरतंच यायचं. तिने मान डोलावली.

मुख्य डॉक्टरचं पूर्ण नाव मिळवायला पुढचा दिवस गेला. नुसतं आडनाव सापडत होतं, आणि बापाच्या नावाशिवाय एजे पत्र सोडायला तयार नव्हत्या. अखेर एका जुन्या जाहिरातीत सापडलं. 'परम आदरणीय व्हालेरी निकोलायेविच' असा मायना घालून त्यांनी दीड पान लिहिलं. विनंती करणाऱ्या मातेचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, जन्मसाल, मुलाचं वर्णन. मिरगुलने पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं. पत्र नोंदवून घेतलं आहे, तीस दिवसांत कळवू. खाली नोंद क्रमांक होता. तो क्रमांक बघून एजेंना बरं वाटलं, हे त्यांनी पुढे स्वतःच मिरगुलला सांगितलं.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी एजे आल्या तेव्हा मिरगुल अंगात कोट तसाच ठेवून पडद्यासमोर बसली होती.

"लेनाचं आलंय."

एजेंनी चष्मा लावला आणि स्वतःच वाचलं.

"तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे बहुतेक पत्ता चुकीचा असेल. तरी कळवते. काल पोलिसांना त्याच्याबरोबर राहणारे सापडले, म्हणून नाव कळलं. एर्मेक. गुरुवारी सकाळी तो गेला. मी रात्रपाळीची परिचारिका आहे. शेवटचे चार दिवस तो अधूनमधून शुद्धीवर यायचा आणि एकच शब्द म्हणायचा. इथे कुणाला कळला नाही. मी ऐकला तसा लिहून ठेवलाय: एशिक. त्याला काय हवं होतं ते कळलं असतं तर आम्ही दिलं असतं. कुणाला अर्थ माहीत असेल तर सांगा. लेना."

एशिक म्हणजे दार.

एजेंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रस्त्यापलीकडे कचेरीचं फाटक उघडत होतं.

बोलावणं न धाडता एजे स्वतः गावी गेल्या. रिस्कुलच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा ती शेणाच्या गोवऱ्या रचत होती. एजेंना दाराशी पाहून तिला सगळं कळलं. हातातली गोवरी तिने नीट जागेवर ठेवली आणि मग खाली बसली.

शेजारणी जमल्या, रडणं झालं, चहा झाला. सगळं ओसरल्यावर एजेंनी तो शब्द सांगितला.

"दार उघडं ठेवा म्हणत असेल," रिस्कुल म्हणाली. "बंद खोलीत त्याला झोप यायची नाही. कडाक्याच्या थंडीतसुद्धा फट ठेवायला लावायचा. त्याचा बाप चिडायचा त्याच्यावर."

"चूक माझी आहे, रिस्कुल. तिला तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं."

रिस्कुलने वर पाहिलं. "मी म्हणाले होते, एजे. दोनदा म्हणाले होते."

पुन्हा तिने हा विषय काढला नाही, ना तेव्हा, ना नंतर. एजेंना मात्र तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता लिहा तिला," ती म्हणाली. "सांगा, दार."

एजेंनी पिशवीतून वही काढली. लेखणी कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. एकतीस वर्षांत हजारो पत्रं गेली असतील त्यांच्या हातून, आणि आता पहिली ओळ सुचेना. आडनाव नाही, बापाचं नाव नाही.

"तिला काय म्हणून लिहू?"

"माझ्या पोरापाशी बसली होती ती," रिस्कुल म्हणाली. "लेक म्हणा."

एजेंनी लिहिलं, 'लेकी लेना.' पुढे रिस्कुल बोलेल तसं लिहीत गेल्या, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

एर्मेकला गावी आणलं. टेकडीवरच्या दफनभूमीत जमीन गोठायला लागली होती, पण खणता आली. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचं आगाऊ बोलावणं द्यायला रिस्कुल दुकानात आली, त्याच सकाळी मुख्य डॉक्टरांचं उत्तर आलं होतं. पत्र नोंदवल्यापासूनचा तो तिसावा दिवस होता. मिरगुलने ते छापून एजेंच्या टेबलावर पालथं ठेवलं होतं.

"माझं आहे का?" रिस्कुलने विचारलं.

एजेंना लपवता आलं असतं. त्यांनी कागद उलटा केला.

"वाचा."

"परम आदरणीय रिस्कुल जुमाबेकोव्हना," एजेंनी वाचलं.

"हे मला म्हणतायत?"

"हो."

"माझ्या बापाचं नाव त्यांना कुठून कळलं?"

"मी कळवलं होतं."

रिस्कुलने कागद हातात घेतला. रशियन मजकूर तिला कळत नव्हता, तरी वरच्या ओळीवरून तिने बोट फिरवलं. तिचा बाप मेंढ्या राखायचा. अशा मानाच्या मायन्यात त्याचं नाव तिने बहुधा कधी पाहिलं नसावं.

"पुढे काय लिहिलंय?"

"लिहिलंय की आपला मुलगा आमच्याकडे नाही."

"बरोबर आहे," रिस्कुल म्हणाली. "घरी आहे तो."

तिने रुमालाची गाठ घट्ट केली. बरेच लोक आहेत, एजेंनी लवकर यावं, म्हणजे भाकऱ्या करायला मदत होईल, असं सांगून ती गाडी पकडायला निघाली. कागद ती टेबलावरच ठेवून गेली.