भिंतीवर लावलेली जमीन

दादारावांनी औरंगाबादच्या एका कॉलेजात आयुष्यभर प्राचीन इतिहास शिकवला. रोमवरचं लेक्चर असलं की दुसऱ्या वर्गांतली मुलंसुद्धा मागच्या बाकांवर येऊन दाटीवाटीनं बसायची. स्वतः दादारावांनी मात्र रोम कधी पाहिलं नव्हतं.

१९८५ साली पत्नी गेली, तेव्हा मीरा, त्यांची एकुलती एक लेक, त्यांना न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आपल्या घरी घेऊन आली. त्याच हिवाळ्यात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. एवढ्या मोठ्या वक्त्याकडे एकच शब्द उरला: "उद्या." भूक लागली तरी उद्या, राग आला तरी उद्या.

"त्यांना समजतं सगळं," डॉक्टर म्हणाले होते. "फक्त शब्द सापडत नाहीत."

मे महिन्यात मीराची मुलगी अंजना शाळेच्या ट्रिपहून उड्या मारतच आली. "आई, म्युझियममध्ये रोमन रुइन्स आहेत! रिअल वन्स! आजोबांना नेऊ या ना!"

शनिवारी शैलेंद्रनं सासऱ्यांना उचलून गाडीत बसवलं, व्हीलचेअर मागे टाकली. मीरानं बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. म्युझियम दिसलं तसे ते ताठ बसले.

आत तुटके खांब होते, नाक उडालेले पुतळे होते. शेवटच्या दालनात एका रोमन घराची जमीन होती. बारीक रंगीत दगडांची, खालच्या कोपऱ्यात एक पक्षी असलेली, उकरून आणलेली, आणि भिंतीवर उभी लावलेली. दादारावांनी डावा हात वर केला. शैलेंद्रनं खुर्ची थांबवली.

बराच वेळ ते बघत राहिले. मग मीराकडे वळून म्हणाले, "उद्या."

"छान आहे ना, बाबा?"

त्यांनी जोरात मान हलवली. नाही. बोट जमिनीच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. "उद्या. उद्या, उद्या!"

"पाणी हवंय? बाथरूमला जायचंय?"

नाही.

अंजनानं शेजारची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. ते ऐकत होते, पण मधेच त्यांनी हात झटकला. तेही नाही. मीरानं पर्समधून पेन काढून त्यांच्या डाव्या हातात दिलं, पाकिटाची मागची बाजू पुढे धरली. दोन वेड्यावाकड्या रेघा उमटल्या आणि पेन खाली पडलं.

मग ते पुढे झुकले. बोट दगडांना लागणार इतक्यात गार्ड धावत आला. "सर, प्लीज स्टेप बॅक."

"ही इज अ प्रोफेसर," मीरा म्हणाली. "हा त्यांचा विषय आहे," हे ती मराठीतच बोलून गेली. गार्डनं समजुतीनं मान हलवली, पण जागचा हलला नाही.

"उद्या!" दादाराव ओरडले. दालनातली माणसं वळून बघू लागली. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, तोंडातून लाळ ओघळत होती.

"मीरा, घरी जाऊ या," शैलेंद्र हळूच म्हणाला. "त्यांना त्रास होतोय."

"थांब रे. त्यांना काहीतरी सांगायचंय." ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. "बाबा, ह्या पक्ष्याबद्दल? रंगाबद्दल? उलटी लावलीय का ही? काही चुकलंय का?"

ते तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचा प्रत्येक शब्द त्यांना कळत होता, हे तिला दिसत होतं. पण हवा तो शब्द तिलाही सुचत नव्हता. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

परतताना गाडीत अंजनानं विचारलं, "व्हॉट वॉज ही ट्राइंग टु से?"

"माहीत नाही गं."

"मग विचार ना परत."



सोमवारी ऑफिसातून परस्पर लायब्ररीत जाऊन तिनं रोमवरची चित्रांची तीन जाडजूड पुस्तकं आणली. चहा झाल्यावर ती बाबांजवळ बसली आणि एकेक पान उलटत विचारू लागली, "हे होतं का, बाबा? का हे?"

पहिल्या काही पानांवर त्यांनी नीट बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. त्यानंतर ती दाखवेल त्या प्रत्येक चित्राला ते हो म्हणून मान डोलवत राहिले.