भिंतीवरचा नंबर

पहिला फोन आला तेव्हा तिचे हात साबणाच्या पाण्यात होते. तिने ओल्या हातानेच तो कानाला लावला. वाटलं, पाटीचं काम असेल. नवऱ्याच्या पाट्यांचे फोन तिच्याकडेच यायचे. पिण्याच्या भरात त्याने दोन फोन हरवले, तेव्हापासून त्याच नंबरचा तिसरा तिच्याकडेच राहिला. गावातल्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवर, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेला नंबर तोच. तो वाजला की ती ‘बोला’ म्हणायची, पाटी किती फुटांची, किती रंगांची, कधीपर्यंत हवी ते विचारून घ्यायची आणि पेंटर शुद्धीवर असला की त्याच्या कानावर घालायची.

पण पलीकडच्या बाईने पाटीचं नावच काढलं नाही. दबक्या आवाजात तिने विचारलं, तिथे माणसाला ठेवून घेतात का, की नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवतात. चुकीचा नंबर लागला, असं हिने सांगितलं. त्यावर ती बाई ‘बरं’ म्हणाली, पण असं, की जणू दुसरं काही ऐकायला मिळेल अशी तिची अपेक्षाच नव्हती.

दुपारपर्यंत आणखी दोघांचे आले. तिसऱ्याला तिने विचारलंच, हा नंबर कुणी दिला.

“दवाखान्याच्या भिंतीवर आहे की,” तो म्हणाला. “हातभर मोठा.”

ती पायात चपला सरकवून तशीच निघाली. सरकारी दवाखान्याची मागची भिंत बसथांब्यासमोर येते. तिथे पेंटरने गेल्याच आठवड्यात काम केलं होतं. निळी, टपोरी, देखणी अक्षरं. दारू किंवा इतर नशेपासून सुटका हवी आहे? उपचार इथेच, आपल्या गावात. संपर्क. आणि त्याखाली यांच्या घरचा नंबर. उजव्या कोपऱ्यात, जिथे पेंटरचा नंबर असतो, तिथेही बारीक अक्षरांत तोच. वीस वर्षं हात एकच नंबर लिहीत आला होता. त्या दिवशीही हाताने स्वतःहूनच लिहून टाकला असणार, डोक्याला विचारायला गेलाच नसणार. दवाखान्याने दिलेला कागद शर्टाच्या खिशात राहिला होता, आणि तो शर्ट तिनेच धुतला होता. खिशातून निघालेला लगदा तिला आता आठवला.

तिने सांगितलं तेव्हा पेंटर आधी हसला. मग म्हणाला, उद्या दुरुस्त करतो. त्याचं ‘उद्या’ तिला लग्नापासून ठाऊक होतं. सकाळी त्याचा हात इतका कापायचा की चहाची कपबशी वाजत राहायची. पोटात दारू गेली की हात दगडासारखा स्थिर व्हायचा. तेवढ्यात जे काम व्हायचं ते व्हायचं, पुढे दुपार हातातून निघून जायची. त्या दोन-तीन तासांत आधीच कबूल केलेल्या पाट्या असायच्या. भिंत तशीच राहिली.

खरा नंबर हवा म्हणून ती दवाखान्यात गेली. एक्स-रेच्या खोलीला लागून, जिथे पूर्वी मोडक्या खाटा टाकलेल्या असायच्या, तिथे आता व्यसनमुक्ती असं कागदावर लिहून चिकटवलं होतं. आत एक टेबल, एक पंखा, पडद्यामागे चार खाटा, आणि एक सिस्टर. सिस्टर पेन्शनीला आलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चारही खाटा रिकाम्या होत्या.

“भिंत रंगवून आठवडा झाला,” सिस्टर म्हणाली. “एक फोन नाही. या गावात कुणी पीतच नाही वाटतं.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलायचं नाही हा तिचा नेम होता, पण सगळंच बोललं पाहिजे असा काही नेम नव्हता. चूक कळली तर सरकारी पाट्यांचं उरलंसुरलं काम जाईल, या भीतीने तिने एवढंच सांगितलं की माझ्या ओळखीतले लोक मला विचारतात, म्हणून मी तुम्हाला विचारायला आले. मग तिने एकेक विचारून घेतलं. बांधून ठेवतात का? नाही. घरचं माणूस सोबत लागतं का? पहिले काही दिवस लागतं. बरोबर काय आणायचं? दोन जोड कपडे. डॉक्टर कधी? सोमवारी आणि गुरुवारी. आणि एक गोष्ट सिस्टरने टेबलावर बोट आपटून सांगितली. जो वर्षानुवर्षं रोज पितो, त्याची घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. झटके येतात, भलतंसलतं दिसायला लागतं, माणूस जातो. आहे तसा इथे आणायचा, बाकी डॉक्टर बघतील.

“तुमच्या घरातलं कोण?” सिस्टरने शेवटी विचारलं.

“आधी लोकांचं विचारून घेते,” ती म्हणाली आणि उठली.

त्यानंतर दीड महिना तिने फोन घेतले. गॅसवर भाजी ठेवून, कपडे वाळत घालताना, बाजारात पिशवी दंडाला अडकवून. कुणी मित्रासाठी विचारायचं आणि तिसऱ्या वाक्याला ‘मला’ म्हणून बसायचं. कुणी नुसताच श्वास घ्यायचं आणि ठेवून द्यायचं. एक बाई रोज साडेअकराला करायची. तिला काही विचारायचं नसायचं, नवरा कामावर गेला एवढंच सांगायचं असायचं. प्रत्येकाला ती खरा नंबर द्यायची, पण लोक म्हणायचे, तुम्हीच सांगा ना, परत कुठे सगळं पहिल्यापासून सांगत बसू. मग ती सांगायची. तिचा आवाज मुळातच हळू. लोकांना तो बरा वाटत असावा. तिला मात्र संध्याकाळी जीव अगदी चिपाडासारखा वाटायचा.

लहान गावात किती दिवस झाकून राहणार? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काकूंनी एकदा साखर तोलता तोलता सगळ्यांदेखत ऐकवलं, “यांच्याकडे बरं आहे बाई. घरातच कारखाना, घरातच दुरुस्ती.” दुकानातली माणसं हसली. तीही थोडी हसली. घरी येऊन साखर डब्यात ओतली आणि डब्याचं झाकण हातात धरून बराच वेळ उभी राहिली. काकू काही खोटं बोलल्या नव्हत्या. दीड महिना ती परक्या माणसांना जे सांगत होती, ते तिने घरातल्या माणसाला एकदाही सांगितलं नव्हतं. पूर्वी सांगून झालं होतं. रडून, भांडून, हातापाया पडून. आता पुन्हा तोंड उघडायचं आणि तो ‘उद्या’ म्हणणार, हे ऐकायची ताकद राहिली नव्हती.

तिचा आणखी एक नेम होता. सकाळी उठल्यापासून प्रार्थना पुरी होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. खिडकीपाशी बसायचं, डोळे मिटायचे, ठरलेलं म्हणायचं, मनातल्या मनात. तासभर. अकरा वर्षांत चुकला नव्हता. ताप असताना नाही, आई गेली त्या दिवशीही नाही. कशासाठी धरला होता ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मागितलेलं पदरात पडेपर्यंत सोडायचा नाही, एवढं स्वतःशी बोलली होती.

त्या बुधवारी ती नुकतीच बसली होती आणि फोन वाजला. तिने वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने उचलला, पण बोलली नाही. पलीकडे म्हातारा माणूस होता. हॅलो हॅलो करत, उत्तराची वाट न बघता तो सांगत सुटला. मुलगा पितो, कुणीतरी सांगितलं कोंडून घाला म्हणजे सुटेल, म्हणून परवा दुपारपासून खोलीत कोंडलाय. थेंब दिला नाही. पहिल्या दिवशी शिव्या दिल्या, काल नुसता कापत होता. आता भिंतीवरून किडे उतरतायत म्हणतो आणि अंगावरचे झटकतो. आता निवळत आलंय ना हो? आता किती दिवस?

तिने डोळे उघडले. समोर खिडकी होती, बाहेर दूधवाल्याची सायकल भिंतीला टेकवलेली होती.

“दार उघडा,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याला कमी ऐकू येत होतं. काय म्हणालात? तिला आवाज चढवावा लागला. अकरा वर्षांत त्या वेळी त्या घरात माणसाचा आवाज निघाला नव्हता, आणि आता निघाला तो शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. दार उघडा. त्याला एकट्याला ठेवू नका. शेजारच्या कुणालातरी बोलवा, गाडी मिळेल ती घ्या आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मागच्या खोलीत नाही, पुढच्या मोठ्या दाराने, तातडीच्या विभागात. परवापासून बंद केलीय, हे पहिल्यांदा सांगा. नाही काका, निवळत नाहीये. नाही, तुमची चूक नाही. आधी दार उघडा.

पलीकडे कडी काढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

ती तशीच बसून राहिली. मागे चाहूल लागली म्हणून वळली, तर दारात पेंटर उभा होता. अंगात बनियन, केस विस्कटलेले, एक हात चौकटीला धरून. तो हात कापत होता.

“तू बोललीस,” तो म्हणाला.

तिने मान हलवली.

“सकाळची.”

“बोलावं लागलं.”

तो तिथेच उंबऱ्यावर बसला. म्हणाला, “मला वाटायचं, सकाळी तू रागावलेली असतेस. रात्रीचं मला काही आठवायचं नाही, पण तू बोलत नाहीस म्हणजे मी काहीतरी केलंच असणार. मग मी लवकर बाहेर पडायचो.”

“अकरा वर्षं?”

“विचारायचं कसं? तू बोलतच नसायचीस.”

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिने त्याला सांगितलं, तो राग नव्हता, नेम होता, आणि कशासाठी होता तेही सांगितलं. हळूच, नेहमीच्या आवाजात. ऐकताना तो आपल्या हाताकडे बघत होता, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा असून आपल्याकडे ठेवायला दिलाय.

“मग आज मोडला,” तो म्हणाला.

“मोडला.”

“त्या म्हाताऱ्यासाठी.”

दूधवाला सायकल घेऊन गेला.

“मलाही दिसले होते किडे,” तो म्हणाला. “मागच्या वर्षी, तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा. मी सोडायची म्हणून दोन दिवस घेतली नव्हती. तुला दाखवायचं होतं. मग घाबरलो आणि पुन्हा घेतली.” नजर न उचलता त्याने विचारलं, “तिथे बांधून ठेवतात का?”

हा प्रश्न तिने दीड महिन्यात किती जणांच्या तोंडून ऐकला होता. उत्तरही तोंडात तयार होतं. तिने ते तसंच दिलं, फोनवर देते तसं, एक शब्दही वाढवला नाही. बांधत नाहीत. दोन जोड कपडे आणायचे. सोबत घरचं एक माणूस. एकदम बंद करून यायचं नाही, आहात तसे या. डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी.

“आज काय?”

“बुधवार.”

“उद्या, मग,” तो म्हणाला. आपण काय बोललो ते त्याच्याच लक्षात आलं आणि तो कसनुसा झाला. “म्हणजे खरंच उद्या. गुरुवार आहे ना.”

गुरुवारी ती लवकर आवरून बसली होती, पण हातातली पिशवी जमिनीवर ठेवत नव्हती. तो अंघोळ करून आला, मग बाहेर गेला. अर्ध्या तासाने परतला तेव्हा तोंडाला वास होता आणि हात स्थिर होता. तिने काही विचारलं नाही. आहात तसे या, हे तिनेच सांगितलं होतं.

सिस्टरने अर्ज पुढे ओढला. नाव, वय, किती वर्षांपासून, किती. पेंटर खालच्या मानेने सांगत गेला. फोन नंबर तिने सांगितला. सिस्टर लिहिता लिहिता थांबली. दोऱ्याने बांधलेला चष्मा वर करून तिने आकडे पुन्हा वाचले. सिस्टर रोज त्याच थांब्यावर उतरायची, ते आकडे रोज नजरेखालून जायचे, पण आपल्या नंबरशी कधी ताडून पाहिले नव्हते.

“हा तर भिंतीवरचा,” ती म्हणाली. मग पेंटरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “तरीच. मी म्हणायचे, लोकांना सगळं आधीच ठाऊक कसं असतं. कपडे घेऊनच येतात.”

ती माफी मागायला लागली, पण सिस्टरने हातानेच थांबवलं. पडद्याकडे मान करून म्हणाली, चारही खाटा भरल्यात. काल सकाळी तातडीच्या विभागातून एकाला आणलं, त्याचे वडील तिथे स्टुलावर बसलेत, ऐकू येत नाही त्यांना. खाट सोमवारी रिकामी होईल. तोपर्यंत डॉक्टर तपासतील आणि काय घ्यायचं, किती घ्यायचं, ते लिहून देतील. ते बायकोच्या हातूनच घ्यायचं. आपल्या मनाने ना वाढवायचं, ना थांबवायचं. कापरं वाढलं किंवा काही दिसायला लागलं, तर वेळ न बघता इकडे यायचं.

चार दिवस. तिने बोटांवर मोजले आणि पुन्हा मोजले. चार दिवसांत तो किती वेळा निघून जाऊ शकतो, ते तिला मोजायचं नव्हतं.

परतताना तो भिंतीसमोर थांबला. नंबर आधी दुरुस्त करू का, म्हणाला. ती म्हणाली, तुमचा हात नीट झाला की करा. तोपर्यंत असू दे.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा खिडकीपाशी बसली. मोडलेला नेम परत धरता येतो की नाही, हे तिला माहीत नव्हतं, विचारावं असंही कुणी नव्हतं. नुसती बसली, डोळे मिटले. तो मागे खुर्चीत होता. कपबशीचा आवाज येत होता. आदल्या दिवसापेक्षा कमी की जास्त, हे ती ऐकू पाहत होती आणि तिला कळत नव्हतं.

फोन वाजला. तिने डोळे उघडले नाहीत. बशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग फोन दोनदा हातातून निसटल्याचा.

“बोला,” पेंटर म्हणाला. घसा खाकरला. “हो, इथेच. नाही नाही, बांधत नाहीत. दोन जोड कपडे आणा.” मग बराच वेळ त्याने ऐकून घेतलं. “सुटते की नाही, ते मला नाही सांगता येणार हो,” तो म्हणाला. “मी स्वतःच सोमवारी जातोय.”