चार पडदे खाली

मुखरूला जाऊन दीड महिना झाला होता. चिमूरला त्याच्या आठवणीचा कार्यक्रम पुढच्या रविवारी, आणि भागीरथाबाई गायला तयार नव्हती.

तलावावर मासे धरणाऱ्या घरातला हा माणूस. जाळं ओढतानाच्या गाण्यांना त्यानं गिटार आणि ड्रम जोडले, आणि तीस वर्षं ती गाणी आधी गावोगाव, मग पुण्या-मुंबईपर्यंत नेली. गायला मात्र तो कधी उभा राहिला नाही. गाणं शेजारच्या भागीरथाबाईचं. बाकीचे साथीदार एकेक करून गळाले. शेवटी मुखरूची गिटार, भूपेशचा ड्रम आणि बाईचा आवाज, एवढंच उरलं. तरी लोक येत.

मुखरूची मुलगी दिव्यानी नागपुरात कॉलेजात शिकवायची. रविवारी गिटार ती वाजवणार होती. बापाच्या जुन्या तारा सैल पडून पडद्यांवर खरखरत. एका समीक्षकानं त्या खरखरीला मातीचा नाद म्हटलं होतं, तेव्हा मुखरू दोन दिवस हसत होता. दिव्यानीला वाटायचं, वयानं त्याचं लक्ष उडालंय. तिनं नव्या तारा चढवल्या आणि फोनवर बघून एकेक तार नेमक्या सुरात लावली. बापासाठी आता एवढंच करता येत होतं.

तालमीला भागीरथाबाई मरळ माशाला बोलावणाऱ्या 'ये वो मरळी, वर ये' या ओळीपाशी आली आणि तिचा आवाज फाटला. दुसऱ्यांदाही फाटला. तिसऱ्यांदा तिनं ओळ घेतलीच नाही.

"त्याच्यासंगं गेला माया आवाज," ती म्हणाली. "आता मले बलावू नोको."

दुःखानं असं होतं, असं भूपेशचं म्हणणं. दिव्यानीलाही ते पटलं असतं. पण सगळं दुःखाच्या माथी मारणं तिला बरं वाटेना. तिनं गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं आणि सोबत वाजवायला बसली. जुळेना. तारा चार पडदे खाली उतरवल्या, तेव्हा जुळलं. मग तिनं त्याआधीची रेकॉर्डिंगं काढली. बारा वर्षांपूर्वीपर्यंत गिटार बरोबर सुरात होती. तेव्हापासून दर तीन वर्षांनी मुखरूनं एकेक पडदा उतरवला होता. बोटं तीच, जागा त्याच. बघणाऱ्याला कळायचं कारण नाही.

माजरीच्या खाणीतली पाळी संपवून आलेल्या भूपेशला तिनं विचारलं, हे ठाऊक होतं का.

"मी ड्रमवाला माणूस," तो म्हणाला. "मले सुराचं काऊन विचारून राह्यली?"

मग मात्र तो गंभीर झाला. बाईला सरळ सांगावं, एकाहत्तरीत आवाज उतरणारच, त्यात लाज कसली, असं त्याचं मत. दिव्यानी नको म्हणाली. बापानं जे बारा वर्षं सांगितलं नाही, ते आपण एका वाक्यात कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चार पडदे उतरवलेली गिटार घेऊन भागीरथाबाईच्या अंगणात गेली. बाई फाटकं जाळं सांधत होती. मीच गाते, तुम्ही फक्त शब्द तपासा, असं सांगून दिव्यानीनं सुरुवात केली: 'मरळ गेली पाण्यात...'

"मरळ पाण्यातच रायते वो," बाई जाळ्यावरची नजर न काढता म्हणाली. "गाळात गेली, म्हणून तं गाणं हाय."

दिव्यानीनं पुन्हा चुकवलं. चाल चुकवायला तिला फारसे कष्ट पडले नाहीत. तिसऱ्या चुकीला बाईनं जाळं बाजूला सारलं, हातानं तिला गप्प केलं आणि स्वतः सुरू केलं. गाळात गेलेली मरळ, रिकामं जाळं, आणि मग ती ओळ. आवाज वर गेला आणि तिथंच ठरला. बाईनं डोळे मिटून ओळ दोनदा जास्तच घेतली. दिव्यानी मान खाली घालून वाजवत राहिली.

गाणं संपल्यावर गिटारकडे बघून बाईनं नाक मुरडलं.

"तारा कसत जा थोड्या. गाईचं दावं तरी यापरीस ताठ रायते. तुया बापालेई बारा वर्षं हेच सांगतलं. आयकेच नाई."

ही बोलणी तो दर कार्यक्रमाला खात आला होता तर. दिव्यानीला एकदम रडू आलं आणि तिनं ते गिळलं.

"मले जमत नाई, बाई," ती म्हणाली.

"त्यालेई नाई जमलं." बाईनं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "रविवारी गाडी किती वाजता येते?"