थंड बॉनेट, गरम बॉनेट

एकाहत्तराव्या वर्षी दिनानाथ राऊतांना डोहाळे लागले, तेही उघड्या टपाच्या जुन्या विलायती गाडीचे, तेव्हा सगळं गाव हसलं. केळीची वाडी सांभाळणाऱ्या माणसाला हे काय सुचलं?

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, आनंदीबाईंना, ऐकू येईनासं झालं आणि त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. कानाचं मशीन कपाटात पडून होतं. चारचौघांत उगाच मान डोलवत कोण बसणार, असं त्यांचं म्हणणं. पण वाऱ्यावर फिरायला कान कशाला लागतात? दिनानाथांनी मनाशी एवढंच धरलं होतं.

सातिवलीच्या गोदामात एकाच मॉडेलच्या दोन गाड्या उभ्या होत्या. लाल अठराशे सीसीची, हिरवी तेराशेची. नातू तेजस मोबाईलवर तुलना मांडूनच आला होता.

"आजोबा, लालची ताकद दीडपट. आणि फरक फक्त पन्नास हजारांचा. व्हॅल्यू तिच्यातच आहे."

"फक्त म्हणे! पन्नास हजार काय माडाला लागतात?"

आजोबा-नातवाची जुंपली तोवर आनंदीबाई दोन्ही बॉनेटवर तळवा टेकवून आल्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. हल्ली कुणी विचारतच नसे.

गोदामवाल्या शत्रुघ्नने हिरवीला चावी मारली. ती खोकली, थांबली आणि तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. लाल मात्र अर्ध्या चावीतच अशी गरजली की पत्रे थरथरले. आनंदीबाईंनी चमकून वर पाहिलं. हिला ऐकू आलं! दिनानाथांचा जीव सुपाएवढा झाला. किंमत, मायलेज, सगळं गेलं चुलीत. त्यांनी चेकबुक काढलं.

तोच आनंदीबाईंनी त्यांचा हात धरला. "ही आपण येण्याआधीपासूनच गरम होती. हिरवी गार होती."

"काकी, ऊन लागलं असेल," शत्रुघ्न म्हणाला. आनंदीबाईंना ते ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.

"विहिरीवरचं आपलं इंजिन आठवतं? विकायला काढलं तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आधी मामंजींनी तासभर चालवून ठेवलं होतं. थंड असलं की हँडल मारून तुमचा खांदा निखळायचा. ही बंद करा, थंड होऊ दे, मग बघू."

दोन तास गेले, तीन चहा झाले. मग शत्रुघ्नने पुन्हा चावी मारली. लाल नुसती कण्हत राहिली. बऱ्याच वेळाने सुरू झाली, तेव्हा निळ्या धुराने तेजसला ठसका लागला. त्याने मुकाट्याने मोबाईल खिशात घातला.

दिनानाथांचं तोंड मात्र उतरलं. त्यांनी बायकोच्या कानाशी तोंड नेलं आणि अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल असं ओरडले, "पण हिरवीचा आवाज तुला ऐकू येणार नाही गं! तुझ्यासाठीच घेत होतो मी ही गाडी!"

आनंदीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. डोळे भरले, तसा त्यांनी पदर लावला. मग हिरवीचं दार उघडून आत बसल्या.

"उद्या सकाळी पाचूबंदरच्या मासळी बाजारात न्या मला," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं तुम्ही शिळे पापलेट आणताय. मी काही बोलले नाही."