दोन्ही कान बंद

संगणकाला डोळे लागत नाहीत, बोटं आणि कान लागतात, असं त्रिंबक शेजूळ गेली अठरा-वीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता, आणि त्याचं म्हणणं खोडून काढायची कुणाची टाप नव्हती. शहागंजच्या अलीकडं एका संस्थेचं जुनं कॉलेज आहे. त्याच्या कार्यालयात खिडकीजवळच्या टेबलावर तो बसायचा. बोनाफाईड, टीसी, चारित्र्याचा दाखला, सगळं त्याच्याच हातून बाहेर पडायचं. नजर लहानपणी गोवरात गेलेली. पण शहराचं नाव बदललं तेव्हा कॉलेजच्या झाडून सगळ्या नमुन्यांत नवं नाव घालायचं काम यानं एका दुपारीत उरकलं होतं आणि वर सगळ्यांना चहाही पाजला होता.

त्याचा संगणक बोलायचा. म्हणजे पडद्यावर जे काही असेल ते एक सॉफ्टवेअर वाचून दाखवायचं. पडदा तर तो चालूच करत नसे. आपल्याला दिसत नाही तर वीज कुणासाठी जाळायची, म्हणायचा. त्या आवाजाचा वेग त्यानं वर्षागणिक वाढवत असा काही नेला होता की ऐकणाऱ्याला वाटावं, मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरताहेत. त्याला मात्र त्यातला शब्द न् शब्द कळायचा. भर कार्यालयात, स्पीकर उघडा ठेवून तो प्राचार्यांची गोपनीय पत्रं ऐकायचा आणि शेजारच्याला गंधवार्ता नसायची. एक कान मशीनला आणि एक कान ऑफिसला, हा त्याचा नियम होता. कोण आलं, कोण चिडलं, कोण टेबलावरचं पेन उचलून पसार झालं, सगळं त्याला ठाऊक असायचं. बोलता बोलता कुणी 'आंधळा मागतो एक डोळा' इथवर येऊन जीभ चावायचा, तेव्हा 'देव देतो दोन' हे तोच पूर्ण करायचा आणि खदखदून हसायचा. कीव करायला आलेला माणूस हसत परत जायचा.

तर अशा या माणसाच्या टेबलावर यंदा जूनमध्ये घाव पडला. जुनी विंडोज आता चालणार नाही आणि नवी घ्यायची तर खर्च मोठा, असं संस्थेच्या ध्यानात आलं. लिनक्स फुकट मिळते, हे पाठोपाठ ध्यानात आलं. फुकट म्हटल्यावर पुढं विचार कोण करतो? संस्थेनं पाठवलेला माणूस एका सोमवारी आला आणि संध्याकाळपर्यंत सगळी मशीनं बदलून मोकळा झाला.

"यातबी बोलायची सोय आहे, सर. मराठीत बोलतं," तो त्रिंबकला म्हणाला, आवाज चालू करून दिला आणि गेला.

सोय होती, खोटं कशाला बोला. पण आवाज परका होता. तो स्वच्छ, सावकाश मराठी बोलायचा, आणि वेग वाढवला की त्रिंबकला शब्दांचा नुसता चुरा ऐकू यायचा. बटणांच्या जोड्या बदलल्या होत्या. मराठी अक्षरंसुद्धा आपापल्या जागा सोडून भलतीकडं जाऊन बसली होती. बोटं जुन्याच वाटेनं जायची आणि परक्याच्या दारात उभी राहायची. जो दाखला आधी चहा निवायच्या आत व्हायचा, त्याला आता अर्धी सकाळ लागायची. ऐकण्यासाठी तो स्पीकरच्या डबड्याला कान लावून बसायचा, आणि खिडकीतली पोरं ते बघून फिदीफिदी हसायची.

"जमतंय का, सर?" कुणी विचारलं की तो म्हणायचा, "जमतंय की. काय अवघड नाय."

हे 'जमतंय' त्याला आत पोखरत चाललं होतं. कारण संस्थेचे सचिव काकासाहेब पुढच्या सोमवारी येणार होते, आणि त्यांचा निरोप आधीच येऊन थडकला होता: शेजूळला जमत नसेल तर त्याला फोनच्या टेबलावर बसवू, पगाराला धक्का नाही. बोलणं दयाळूपणाचंच होतं. पण कॉलेजच्या त्या नंबरावर आता कुणी फोन करतच नव्हतं. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल. त्या कोपऱ्यात बसणाऱ्यानं सही करायची, दिवस ढकलायचा आणि पगार घ्यायचा. घरात म्हाताऱ्याला अंगणात खाट टाकून देतात ना, तसं. त्रिंबकला पगाराची भीती नव्हती. आपण कुणाला लागेनासे होऊ, ही भीती होती, आणि ती त्यानं बायकोलाही, शालूलाही, सांगितली नव्हती.

शेजारच्या टेबलावर सुरेखा बसायची. बाई कामाची, सात वर्षं कंत्राटावर राबत होती. दर जूनला तिचा कागद नवा व्हायचा आणि दर मे महिन्यात तिची झोप उडायची. हल्ली त्रिंबकच्या कानानं एक गोष्ट टिपली होती. त्यानं छापलेला दाखला सुरेखा प्रिंटरवरून उचलायची, मग तिच्या टेबलावर टकटक व्हायची, आणि प्रिंटर पुन्हा एकदा कुरकुरायचा. ती त्याच्या चुका गुपचूप दुरुस्त करत होती. पण माणूस घाबरला की त्याला साप आणि दोरी सारखीच. आपल्या मागं ही बाई कशासाठी राबते, याचा एकच अर्थ त्रिंबकच्या मनात पक्का होत गेला.

शनिवारी सकाळी तो गुलमंडीतून नवे इअरफोन घेऊन आला, कानात घट्ट बसणारे. इतक्या वर्षांचा नियम त्यानं त्या दिवशी मोडला. दोन्ही कानांत बोंडं खोचली, मग चाचपडत पिन मशीनमध्ये घातली. आवाज कानात आला, पण बारीक होता, म्हणून त्यानं तो पार वरपर्यंत चढवला. त्या आवाजाखाली कार्यालय बुडून गेलं. पंखा गेला, खिडकीतली पोरं गेली, शिपाई सरदारभाईंच्या चपला गेल्या. किती दिवसांनी त्याला निवांत वाटलं.

अक्षरांच्या जागा बोटांत बसवायच्या तर काहीतरी लिहिलं पाहिजे. दाखल्याचा मजकूर पाठ होता, त्यानं काय होणार? म्हणून मनात येईल ते तो लिहीत गेला. एकेक शब्द संपला की आवाज तो उच्चारायचा, चुकला की खोडायचा, पुन्हा लिहायचा.

'मला काही जमत नाही. जमतंय म्हणतो ते खोटं आहे. सोमवारी मला फोनवर बसवतील. तिथं बसण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. पण घरी काय सांगू? शालूला माहीत नाही. मी रिक्षात बसून रोज देवाला म्हणतो, जुनं मशीन परत दे. सुरेखा माझे दाखले चोरून नीट करते. तिला वाटतं मला कळत नाही. मला सगळं कळतं. ती दया करत नाही. तिला माझी खुर्ची पाहिजे.'

लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. इतकं धड लिहिता आलं, याचा थोडा आनंदही झाला. आठवड्यात पहिल्यांदाच बोटं चालली होती. म्हणून त्यानं सगळा मजकूर पहिल्यापासून एकदा वाचून घेतला. मग पुसून टाकला आणि कानातली बोंडं काढली.

कार्यालयात माणसं होती. श्वास ऐकू येत होते. पण बोलत कुणीच नव्हतं, खिडकीतली पोरंसुद्धा. त्रिंबकनं सहज एक बटण दाबलं, आणि टेबलावरच्या डबड्यातून भला मोठा, स्वच्छ, सावकाश आवाज खोलीभर घुमला: "रिकामा कागद."

पिन आत होती आणि स्पीकरही चालूच होता. जोडणी करणाऱ्यानं तेवढं बघितलं नव्हतं, आणि बघायचं असतं हे त्रिंबकला माहीत नव्हतं. म्हणजे पहिल्यांदा शब्दाशब्दानं आणि मग सलग, असं दोनदा सगळ्यांनी ऐकलं होतं. जन्मात कधी वाटली नव्हती एवढी लाज त्याला त्या घडीला वाटली. भर चौकात कुणी धोतर फेडावं, तशी.

"सुरेखाताई..." तो कसाबसा म्हणाला.

"खोटं काय हाय त्यात, सर?" सुरेखाचा आवाज थरथरत होता, पण खाली आला नव्हता. "पाहिजेच की मला खुर्ची. सात वर्षं झाली. कुणाला नको? पण एक सांगा. तुमची खुर्ची घ्यायची असती, तर ते चुकीचे दाखले तसेच जाऊ दिले असते ना मी? मला काय करायचं होतं? नुसतं गप बसायचं होतं."

एवढा तिखट कान असलेल्या माणसाला इतकी साधी गोष्ट ऐकू आली नव्हती. सुरेखानं पर्स उचलली, खुर्ची टेबलाखाली सारली आणि ती निघून गेली. शनिवारची वेळ तशी संपतच आली होती.

सरदारभाई जवळ आले. ते शहरातल्या जुन्या मोहल्ल्यातले. मराठी येत असलं तरी मन भरून आलं की दखनीत उतरायचे. "भाऊ, मैं आप के खांदे कू हात लगाने आ रा था. मॅडम ने रोक दिये. बोले, नक्को. बोलने दो उनकू, कब से अंदरच रख के बैठे हैं."

"हे ताईंचं नाव यायच्या आधी की नंतर?"

"पहले रोके. बाद में भी नहीं बोले कुछ."

त्रिंबक हर्सूलला घरी गेला आणि जेवला नाही. रविवारी दुपारी त्यानं शालूला सगळं सांगितलं, सुरेखाचंही. शालूचं माहेर मेंढरांमागं हिंडणाऱ्यांचं; ती निवडत असलेली मेथी बाजूला सारून ऐकत राहिली.

"नवं मेंढरू कळपात घातलं की चार रोज ते हाकेला वळत नाय," ती शेवटी म्हणाली. "त्यात मेंढराचा काय गुन्हा? पण तुमी आपलं वळतंय वळतंय म्हणत बसलाव. आन् त्या बाईला काय म्हणलाव ते! मी असते तर तिथंच बोलले असते."

"ती बोलली की."

"लई कमी बोलली," शालू म्हणाली, आणि तिनं मेथी पुन्हा पुढ्यात ओढली.

सोमवारी सुरेखा वेळेवर आली. त्रिंबकनं 'ताई, चुकलो' म्हटलं. ती "बरं" म्हणाली. त्या 'बरं'मध्ये माफी होती की नव्हती, हे त्याच्या कानालाही कळेना. एवढं मात्र झालं की त्या सकाळी त्यानं दाखला छापला तेव्हा ती प्रिंटरकडं गेली नाही. "सर, तिसऱ्या ओळीत नाव चुकलंय," ती जागेवरूनच म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्रिंबकनं दुरुस्त केलं. मग आणखी एक चूक निघाली, तीही तशीच सगळ्यांसमोर. त्याला बोचलं, पण राग आला नाही.

अकराच्या सुमाराला काकासाहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. खिडकीत प्रवेशाची रांग लागलेली.

"काय शेजूळ, जमतंय ना?"

'जमतंय साहेब' हे त्रिंबकच्या ओठावर तयारच होतं. आठवडाभर रोज म्हटलेलं, गुळगुळीत झालेलं. म्हटलं असतं तर काकासाहेब मान डोलावून पुढं गेलेही असते, आणि सुरेखानं दाखले दुरुस्त केले असते.

"नाय जमत, साहेब," त्रिंबक म्हणाला. "अजून नाय. दोन महिने द्या. तवर चुका व्हतील. पण शिकतो मी."

"दोन महिने? अहो, प्रवेशाचे दिवस आहेत!" काकासाहेबांचा आवाज कठोर नव्हता, आणि तेच त्रिंबकला जास्त लागलं. "तोवर फोन सांभाळा तुम्ही. आराम करा. मॅडम, तुम्ही बसा यांच्या जागेवर."

त्रिंबकनं पाण्याची बाटली घेतली, काठी घेतली. खुर्ची सोडताना त्याचा हात तिच्या पाठीवर क्षणभर राहिला. सुरेखा जागची हलली नव्हती. तिच्या बांगड्यांचा आवाज नव्हता.

"बसा, ताई," तो म्हणाला. "रांग लागलीय."

ती बसली. तिनं काम सुरू केलं आणि मशीन बोलू लागलं: "दाखला." "देण्यात." "येतो."

"हा आवाज आता कशाला?" काकासाहेब दारातून म्हणाले. "बंद करा तो. डोकं उठेल सगळ्यांचं."

"मला नाय येत बंद करता," सुरेखा म्हणाली.

"मग त्या माणसाला बोलावून घ्या."

"बोलावते, साहेब."

कोपऱ्यातल्या फोनच्या टेबलाशी त्रिंबक थबकला. तिला बंद करता येत होतं. तीन बटणं एकदम दाबायची असतात, हे शुक्रवारी त्यानंच तिला दाखवलं होतं आणि तिनं दोनदा करूनही बघितलं होतं. तो खाली बसला.

काकासाहेबांची गाडी गेली. फोन वाजत नव्हता. सुरेखाची बोटं झरझर चालली होती आणि आवाज तिच्या मागं धावत एकेक शब्द सांगत होता. त्रिंबकनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तिच्या मागोमाग त्या शब्दांची अक्षरं लाकडावर शोधू लागला. दोन सापडली, तिसरं निसटलं.

"जरा हळू, ताई," तो म्हणाला. ही विनंती त्यानं आजवर कुणालाच केली नव्हती.

पुढचा शब्द सावकाश आला.